बियांचा हिवाळा

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. वयाच्या सत्तेचाळीस वर्षांत मुलांच्या निबंधांवर तांबड्या शाईच्या खुणा करण्यापलीकडे माझ्या लेखणीने काही केलेले नाही. सभेत आभार मानण्याची पाळी आली तरी माझा घसा कोरडा पडतो. तथापि ज्या गृहस्थांनी सोलापूरच्या उन्हाळ्यात बियांसाठी हिवाळा घडवून आणला, त्यांच्याविषयी कोणीतरी लिहावयास हवे, आणि दुसरे कोणी लिहीत नाही, म्हणून हे धाडस करीत आहे. वाचकांनी क्षमा करावी.

राजय्याअण्णा आमचे शेजारी. सूत रंगविण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. माघापासून चैत्रापर्यंत रोज सकाळी ते बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी डोक्यावर घेऊन येत. वितळलेले पाणी पागोट्याचा रंग घेऊन त्यांच्या गालांवरून ओघळत असे. घरी सरबत होत असेल, अशा समजुतीने पहिल्या दिवशी गल्लीतील दोघे-तिघे तांब्या घेऊन गेले आणि तसेच परतले. तो बर्फ एका रांजणात जाई. त्यावर पत्र्याचा डबा, डब्यात ओली वाळू, वाळूत बिया, आणि रांजणाभोवती घरातील यच्चयावत जुन्या चादरी.

त्यांच्या पत्नी नरसक्का दारातूनच ऐकवीत. "चार लेकरं तापानं फणफणली, तवा ह्यांनी बर्फ न्हाय आणला. आता बियाला आणत्यात."

"लेकरं उगवल्याली व्हती की," अण्णा शांतपणे म्हणत. "ही उगवायची हायत अजून."

या बिया गिरणीतील एका साहेबाने विलायतेस परत जाताना त्यांना दिल्या होत्या. सरूच्या कुळातील, पण पाण्याकाठी वाढणारे ते परदेशी झाड. त्याचे नाव इतके लांबलचक होते की अण्णांनी 'साहेबी सरू' असे त्याचे बारसे केले. बियांच्या पिशवीसोबत एक इंग्रजी छापील कागद होता, तो वाचून दाखविण्यास त्यांनी मला बोलावले. बियांना अडीच-तीन महिने थंडी आणि ओल द्यावी, असे त्यात होते. मी सहज म्हणालो की हे आपल्याकडे अशक्य आहे. अण्णांनी मान हलविली आणि दुसऱ्या दिवशी बर्फ आणला.

त्याच कागदात एक वाक्य असे होते की, थंडीत या झाडाची सर्व पाने तांबूस होऊन गळून पडतात. सरू, देवदार ही झाडे बारमाही हिरवी असतात, असे मी वर्गात पंधरा वर्षे शिकवीत आलो होतो. तेव्हा कागदच चुकला असे ठरवून मी ते वाक्य गाळले.

चैत्राच्या अखेरीस बिया वाळूतून कुंड्यांत गेल्या. बी साहेबाचे, तेव्हा त्याला मराठी किंवा तेलुगू कळणार नाही, अशी अण्णांची खात्री होती. त्यांनी माझ्याकडून पाच इंग्रजी शब्द पाठ करून घेतले. रोज सकाळी पागोटे काढून ते कुंड्यांपुढे उभे राहत आणि अदबीने म्हणत, "गुड मार्निंग. कम अप, प्लीज." मला हसू येई. पण एके सकाळी काळ्या मातीतून पिसासारखी एकोणीस रोपे वर आलेली पाहिली, तेव्हा मीही नकळत टोपी काढली.

पुढचा बेत त्यांच्या मनात पक्का होता. सोळा रोपे मोठी करून गावातल्या तळ्याच्या काठाने ओळीत लावायची. उरलेली तीन मातीच्या परळात, मुळे कातरून, वीतभरच ठेवायची. जपानी सुताच्या गठ्ठ्यावरील चित्रात तसे एक म्हातारे, बुटके झाड त्यांनी पाहिले होते. "आमी गेल्यावर बी तळ्यावर सावली पडंल," असे ते म्हणत. "घाई न्हाय."

मार्गशीर्षात रोपे तांबूस झाली आणि पौषात एकूण एक पान गळले. अण्णांनी मला विचारले. मी काड्या निरखून पाहिल्या आणि विद्वानासारखा निर्णय दिला की ती मेली. मेलेल्याला उकिरड्यावर टाकू नये म्हणून त्यांनी एकोणीसही काड्या रंगाच्या भट्टीत आपल्या हाताने दिल्या. त्या दिवशी सूत रंगले नाही.

माघात पुन्हा बर्फ आला. पिशवीत अर्धे बी शिल्लक होते. या खेपेस अकरा रोपे आली, आणि पौषात त्यांचीही पाने गळाली. तेव्हा ते गाळलेले वाक्य मला आठवले. सांगावे, तर पहिली एकोणीस जिवंत जाळली हेही सांगावे लागणार, आणि तेही माझ्या शब्दावरून. मी गप्प राहिलो. पण अण्णांना आता भट्टीकडे जाववेना. ते त्या काड्यांना पाणी घालीत राहिले. गल्ली हसली. नरसक्का म्हणाल्या, "भिंतीतल्या खुंटीला बी घाला थोडं."

फाल्गुनात त्यांनी मला हाक मारली. प्रत्येक काडीवर मोहरीएवढे हिरवे ठिपके फुटले होते. असे काही मी पूर्वी पाहिले नव्हते, आणि पुन्हा पाहीन असे वाटत नाही. अण्णा उकिडवे बसले होते. त्यांची नजर रोपांवरून भट्टीकडे गेली.

"म्हंजे पयली बी जितीच व्हती की, गुरुजी."

शाळेची वेळ झाली असे सांगून मी निघालो.

आठ दिवसांनी ते माझ्या ओसरीवर आले. हातात तो कागद होता. "गिरणीतल्या कारकुनाकडनं वाचून घेतला," ते म्हणाले. "तुमी वाचल्यालं तेवढंच हाय त्यात. जास्त कायबी न्हाय." मी मान वर केली नाही. "ह्यो तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आणिक कुणी वाचायला नको."

ते गेल्यावर मी कागद उलगडला. वाक्य होते तेथेच होते. तो कारकून माझ्याच हाताखाली शिकलेला. स्वल्पविरामसुद्धा गाळणारा नव्हे.

आज त्या अकरांपैकी आठ रोपे तळ्याकाठी पुरुषभर उंच झाली आहेत; उरलेली तीन परळात वीतभरच आहेत. दर पौषात ती उघडी पडली की लोक अण्णांना विचारतात. अण्णा सांगतात, "निजल्यात. गुरुजींनी सांगितलंय." मी ते ऐकतो आणि पुढे चालू लागतो.

हा लेख छापून आला तर कोणीतरी तो अण्णांना वाचून दाखवील. त्याआधी मीच जाऊन खरे सांगितले, तर अण्णांनी माझी लाज राखण्यासाठी केलेले ते खोटे मी त्यांच्याच तोंडावर परत केल्यासारखे होईल काय?