सतरा नंबरची ओळ

आमच्या शाळेत पोरांना कॉलेजात प्रवेश आधी मिळायचा आणि मॅट्रिकची परीक्षा नंतर व्हायची. हा उद्योग ड्रॉइंगच्या कारभारी मास्तरांचा.

शाळा सरकारी, राहायच्या सोयीची, नगरच्या बाहेर मनमाड रस्त्याला. साऱ्या जिल्ह्यातून परीक्षा घेऊन निवडून आणलेली पोरं, एका वर्गात बत्तीस. व्हरांड्यात दर सालाचा एकेक काळा लाकडी बोर्ड टांगलेला असे. त्यावर त्या साली अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, होऊन गेलेल्या पोरांची हजेरीच्या नंबराने नावं, आणि पुढे कोणाला कुठे प्रवेश मिळाला ते. 'पुणे, सायन्स', 'शेतकी', 'पॉलिटेक्निक', असं. सरळ हिशेबाने हे बोर्ड ऑगस्टात रंगवायचे. कारभारी मास्तर ते फेब्रुवारीत रंगवून मोकळे होत, निरोप समारंभाच्या आत.

पहिल्या साली हेडमास्तर म्हणे फार ओरडले होते. पण जूनमध्ये निकाल लागले, जुलैत प्रवेश झाले, आणि बोर्डावरची एकही ओळ बदलावी लागली नाही. तेव्हापासून फेब्रुवारीत हेडमास्तरच हळूच येऊन बोर्ड वाचून जात आणि दिवसभर कोणाशी बोलत नसत.

मी तिथे रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पुण्याचा, सायन्सचा मास्तर. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि कारभारी मास्तरांवर तर मुळीच नव्हता.

"मास्तर, हे तुम्ही ठरवता कसं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मी कोन ठरवनार?" ते ब्रश रॉकेलमध्ये खळबळत म्हणाले. "मी लिवत न्हाई, सर. उमटतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते 'उमटलं' म्हणत.

दिसायला उंच, वाळलेले, सदऱ्यावर पांढऱ्या रंगाचे थेंब, कानावर ब्रश. फेब्रुवारी लागला की ते अकरावीच्या पोरांसमोर उभे राहत, एक डोळा मिटत, हात लांब करून ब्रश आडवा धरत आणि पोराला डोक्यापासून पायापर्यंत मापत. चित्रकार लोक झाडंझुडपं मापतात तसं. मग निघून जात. पोरं त्या दिवसांत मागच्या कुंपणाकडून वर्गात येत. कोल्हारचा एक चांगला दांडगा पोरगा पाण्याच्या टाकीमागे लपला आणि तिथून ओरडला, "मला मापू नगा, मास्तर! मी अजून भूमिती केली न्हाई!"

त्यातून मास्तर शनिशिंगणापूरचे. मग काय, पोरांना आयतं कोलीत. शाळेच्या आवारातच त्यांची खोली होती. तिचं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "आमच्या गावाला दार कुनाला ठावं हाय?" असं म्हणत. सताड उघडी खोली, पण आत जायची कोणाची छाती होत नसे. पोरं तिच्यावरून जाताना नजर खाली घालत.

हेडमास्तरांच्या भाच्याची गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्याच्यापुढे मास्तरांनी 'शेतकी' लिहिलं. हेडमास्तर संतापले. ती ओळ काळ्या रंगाने झाकून वर 'पुणे, सायन्स' लिहायला लावलं. मास्तरांनी मुकाट्याने लिहिलं. जुलैच्या ओलीत तो वरचा रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटायला लागला आणि आतून आधी 'शे' वर आला. 'शेतकी' पूर्ण दिसायला लागलं त्याच आठवड्यात भाच्याला शेतकी कॉलेजचं पत्र आलं. मी सायन्सचा माणूस, ओल आणि तेलाचा रंग यांवर पोरांना अर्धा तास समजावून सांगितलं. माझं मलाच पटलं नाही.

मग दुष्काळाचं ते मोठं वर्ष आलं. मेसमध्ये परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, आंघोळीला दिवसाआड एक बादली. फेब्रुवारीत बोर्ड लागला. आम्ही वाचायला गेलो आणि सगळ्यांची नजर एका जागी थांबली. सोळा होता, अठरा होता. सतराच्या आकड्यापुढे काहीच नव्हतं. नुसतं काळं.

सतरा नंबर म्हणजे भानुदास. शेवगावच्या पलीकडचा, वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, त्या साली खडी फोडायच्या कामावर होते. दोन दिवसांत होस्टेलभर झालं की भानुदास काही जगत-वाचत नाही. पोरं त्याच्या शेजारी जेवायला बसेनात. भानुदासने पुस्तक मिटलं ते मिटलंच. एकदा प्रयोगशाळेत माझ्याजवळ येऊन त्याने विचारलं, "सर, मी मरनार हाय का?"

मी त्याला दटावलं. पण त्या दुपारी व्हरांड्यातून जाताना मी थबकलो. कारभारी मास्तर स्टुलावर बसून सतरा नंबरच्या कोऱ्या जागेला काळ्या रंगाचा हात देत होते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी. जिथे काही लिहिलेलंच नाही ते हा माणूस रोज झाकतोय कशाला, ते मला कळेना. खरं सांगतो, भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

आठवड्याने भानुदासची आई आली. कोणीतरी गावात निरोप नेला होता. कामावरून तशीच निघालेली, केसांत, पापण्यांवर, हातांवर खडीची पांढरी भुकटी. तिला वाचता येत नव्हतं. "माज्या पोराची वळ कोन्ती, दावा मला," ती म्हणाली. मी बोट दाखवलं. तिने त्या काळ्या जागेवर आपला तळवा ठेवला. रंग ओला होता. हात काढला तेव्हा पाचही बोटं तिथे पांढरी उमटली होती.

शेजारीच ब्रश घेऊन बसलेले मास्तर स्टुलावरून उठून उभे राहिले.

"मास्तर," ती म्हणाली, "बाकीच्या समद्यांना जागा दिली तुमी. माज्या लेकरानं काय केलंय? सांगा की! मरायचं आसंल तर तसं लिवा. पन कोरं ठिवू नगा."

मास्तर खाली मान घालून खोलीकडे निघून गेले. मला राग आवरेना. मी मागोमाग गेलो आणि प्रथमच त्या खोलीचा उंबरा ओलांडला.

आत चूल, रंगाचे डबे, आणि भिंतीशी दोन ताटल्या, दोन पेले. एकट्या माणसाच्या खोलीत दोन.

"भानुदास यायचा," मी न विचारता ते म्हणाले. "दर रविवारी. त्याला भ्या वाटत नसं. भाकरी खायाचा, आईचं सांगायचा. ह्या खोलीत यायचा त्यो एकटाच."

"मग त्याचंच नाव का नाही लिहीत?"

"लिवलं की पोरगं जातं, सर." त्यांचा आवाज फाटला. "इतकी वर्सं लिवतोय. एक तरी माघारी आलं? कुनाचं कार्ड आलं? म्हनलं, एक न्हाई लिवलं तर ऱ्हाईल. पन रोज सकाळी त्या जागी 'पुणे' दिसाया लागतं. आतनं वर येतं. मग मी झाकतो."

मी हसायला हवं होतं. सायन्सच्या मास्तराने तर नक्कीच. पण मला त्या माणसाची दया आली. म्हणालो, "मास्तर, तो राहीलही. पण नापास होऊन राहील. पुस्तक उघडत नाही तो."

त्यांनी दुसरी ताटली उचलली, सदऱ्याला पुसली आणि परत भिंतीशी ठेवली.

सकाळी प्रार्थनेच्या आधी पोरांची व्हरांड्यात झुंबड उडाली. सतराच्या पुढे भानुदासचं नाव होतं, आणि 'पुणे, सायन्स'. त्या खडीच्या हातावरूनच लिहिलं होतं. बोटं अक्षरांमागून दिसत होती. शाळेतल्या सगळ्या बोर्डांवर वाकडी अशी ती एकच ओळ. भानुदासने ती वाचली आणि पळत जाऊन पुस्तक उघडलं. त्याची आई तोवर कामावर परतली होती. तिला मी कार्ड टाकलं, कोणाकडून तरी वाचून घ्या म्हणून.

जुलैत भानुदास पुण्याला गेला. दिवाळीला त्याचं एक पत्र आलं. मास्तरांनी ते शाळाभर दाखवलं, अगदी हेडमास्तरांनाही. नंतर मात्र पत्र आलं नाही. मी आपला रविवारी अधूनमधून त्यांच्याकडे भाकरीला जाऊ लागलो. भाजीत मीठ जास्तच असे.

पुढच्या साली मलाही पुण्याची ओढ लागली. एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल का, म्हणून मी विद्यापीठाला पत्र टाकलं. कोणाला सांगितलं नाही. पाकीटसुद्धा नगरात जाऊन स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं. शाळेच्या डाकेत दिलं असतं तर शिपायाने वाचलं असतं.

फेब्रुवारीत नवा बोर्ड लागला. मी सवयीने खालपर्यंत वाचत गेलो. तीस, एकतीस, बत्तीस. बत्तीसच पोरं होती. खाली तेहतीसचा आकडा होता, आणि त्याच्यापुढे सुबक अक्षरांत माझं नाव.

नावापुढे काही नव्हतं. नुसतं काळं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या काळ्या जागेला हळूच बोट लावलं.

रंग ओला होता.

मी बोट रुमालाला पुसलं. तास सुरू व्हायला अवकाश होता, आणि रविवारही नव्हता. तरी मी मास्तरांच्या खोलीकडे चालू लागलो. लांबूनच आत दोन ताटल्या मांडलेल्या दिसत होत्या.