बप्पांची जीप आन् माझं उपरणं

बप्पांच्या दारात पाव्हणा गाडी घिऊन आला, की पाव्हण्याच्या आधी गाडीला पाणी. आन् इंजिन निवल्याबिगर रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, म्हणून तवर पाव्हणा बी वट्ट्यावर कोरडाच बसतो. मग बप्पा गाडीची चारी दारं एकेक करून आपटतेत, कान लावून ऐकतेत आन् निकाल देतेत.

एकदा म्हणले, "मागलं डावं दार बदललेलं हाय. गाडी खड्ड्यात गेलती. कुणी लपिवलं तुमच्यापासून?"

लपिवलं हुतं पाव्हण्याच्या लेकानं, आन् त्यो शेजारीच उभा हुता. बाप-लेक च्या न पिताच भांडत गेले.

बप्पा माझे शेजारी. धाराशिवकडच्या वाशीत सरकारी हापिसात जीपवर डायव्हर हुते, रिटायर होऊन लई दिस झाले. सोत्ताची गाडी म्हणाल तर एक सायकल, तिला बी दोन आरसे. आन् म्या शेळ्यांचा दलाल. साळंत दोन वर्सं गेलो, दोन्ही वर्सं पहिलीतच. टेम्पोत म्या मागं शेळ्यांसंगट बसतो. पुढं बसा म्हणणारा डायव्हर अजून भेटला न्हाय. वास येतो म्हणतेत. कुणाचा, ते म्या इचारलं न्हाय.

बप्पांना असंच अडाणी गिऱ्हाईक पाहिजे, मधी बोलत न्हाय. नव्या गाड्यांवर त्यांचा लई राग. "ही गाडी न्हाय, चाकाचा मोबाईल हाय. बिघडली की मिस्त्री पान्हा काढत न्हाय, चष्मा काढतोय." बॅटरीवरची गाडी दारावरनं गेली की म्हणतेत, "धूर न्हाय, आवाज न्हाय. मागनं गाडी आली हे म्हशीनं वळखायचं कसं?" म्या म्हणलो, मला तर आवाजाच्या गाडीनं बी दोनदा उडवलंय. बप्पा म्हणले, "म्हशीचं बोलतोय म्या. तिला अक्कल आसती."

टीव्हीवर मॅच लागली तरी त्यांना गाड्याच दिसतेत. सलामीचा गडी लवकर औट झाला की, "डिझेल हाय, तापायच्या आधीच गेर टाकला." कबड्डी आसली की, "पुढं कुणी बी जातंय. माघारी यायला रिव्हर्स गेर लागतो."

एकदा टीव्हीवर क्रिकेटवाल्यांचा लिलाव चालला हुता. म्या इचारलं, "बप्पा, ह्यांचं दात कोण बघतंय का न्हाय?"

"दात न्हाय येड्या, किलोमीटर बघायचं. पस्तिशी वलांडलेला बॉलर म्हंजी दोनदा इंजिन खोललेली गाडी. रंग दिला तरी चढावर कळतंयच."

खऱ्या लिलावाचा तर त्यांना नादच. धाराशिव आसो का तुळजापूर, हप्ते थकले म्हणून वढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव आसला की बप्पा इस्त्रीचं कापड घालून हजर. सोत्ता आजवर काय घेतलं न्हाय. ज्यानं घेतली त्याच्या कानात जाऊन फकस्त "फसलास" म्हणायचं आन् घरला यायचं. दोनदा मार खाता खाता वाचलेत. एकदा तर त्यांच्या वाटचा म्या खाल्ला.

मग एक दिस हापिसावर नोटीस लागली. आवारात लिंबाखाली पडलेली जुनी जीप लिलावात इकायची. बप्पांनी सोळा वर्सं चालवलेली तीच. बप्पांचं जेवणावरनं ध्यान उडालं.

म्या म्हणलो, "ती चालत न्हाय, बप्पा. घिऊन कोंबड्या डालणार का?"

"घ्यायची म्हंजी घ्यायची. पर म्या बोललो तर भंगारवाला वळखंल म्हाताऱ्याचा जीव अडकलाय, आन् भाव चढवंल. तू बोल. तू बाजारातला माणूस."

भावात कुठवर जायचं ते बी त्यांनी सांगितलं. माझी छाती फुगली. आजवर मला कुणी कुठं पुढं उभं केलं न्हवतं, फोटोत सुदीक.

आता बाजारात आमची रीत अशी. जनावराचा भाव तोंडानं बोलायचा न्हाय. उपरण्याखाली हातात हात घालायचा आन् बोटं दाबायची. किती बोटं, कुठलं पेर, त्यावरनं भाव. शेजारच्याला पत्ता लागत न्हाय. पंचवीस वर्सं म्या ह्योच धंदा केला. मोठ्यानं भाव बोलणारा आमच्यात एकतर बेअक्कल, न्हायतर पिलेला.

लिलावाच्या दिशी बप्पा लिंबाखाली उभं ऱ्हायले. संगट शांताकाकू, त्यांची मालकीण, इरकल नेसून. भंगार बघायला नटून आलेली बाई म्या पहिल्यांदाच बघितली.

भंगारवाला आपली बोली बोलला. लिलाव घेणारे साहेब म्हणले, "आणखी कुणी?"

म्या रुबाबात पुढं झालो, साहेबाच्या हातावर उपरणं टाकलं आन् खालनं चार बोटं दाबली.

"अहो! काय करताय?"

"भाव," म्या म्हणलो, आन् डोळा बी मारला.

साहेब खुर्चीवरनं उठले. "शिपाई! ह्यांना बाजूला घ्या! काका, बोली मोठ्यानं बोलायची, सगळ्यांसमोर!"

लिंबाखालनं बप्पा वरडले, "बोल की मुडद्या!"

एवढ्या माणसांत उघडउघड भाव? म्या तोंड उघडलं, तर बोकडासारखं "ब्यॅ" एवढंच आलं. लोक हसाय लागले. तवर एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा साहेबानं टेबलावर हात मारला. जीप भंगारवाल्याला.

म्या पायतान खायच्या तयारीनं लिंबाखाली गेलो. बप्पा खालीच बसलेले.

काकूच म्हणल्या, "जाऊ द्या. सोळा वर्सं तिच्यात बसले न्हाय, आता बी न्हाय."

"म्हंजी? काकू, तुमी कधीच बसला न्हाय?"

बप्पा म्हणले, "सरकारी गाडी हुती. घरचं माणूस बसवायचं न्हाय. ही माहेरला निघायची, फाट्यावर लेकरू काखंत घिऊन यष्टीची वाट बघायची. म्या त्याच रस्त्यानं मोकळी जीप घिऊन जायचो. हॉर्न बी वाजवला न्हाय कधी." मग जीपकडं बघत, "आपली झाली आसती तर... चालली नसती, पर ही आत बसली तर आसती."

म्या तडक भंगारवाल्याकडं गेलो. त्याचा ट्रक गेटाभाईर हुता आन् जीप तिथवर ढकलतच न्यायची हुती. म्हणलो, "आमी ढकलतो. फकस्त ती दोघं आत बसतील."

त्यो म्हणला, "मामा, ढकलणार आसला तर तुमी बी बसा." मग त्यालाच कळलं आपण काय बोललो, आन् त्यानं पोरांना चाकात हवा भराय लावली.

बप्पांनी काकूंची शीट धोतराच्या सोग्यानं पुसली. काकू पुढं बसल्या. बप्पांनी चाक धरलं. मागनं म्या आन् भंगारवाल्याची दोन माणसं. जीप करकर करत हालली.

आतनं काकूंचा आवाज आला, "अवं, हळू चालवा की."

"कुठं सोडू?" बप्पा म्हणले.

"माहेरला."

म्या मागं मुंडी घालून ढकलत हुतो, धोतर सुटत आलतं, म्हणून दोघांचं तोंड काय मला दिसलं न्हाय. गेट आलं. भंगारवाला "बास, बास" म्हणत हुता. आतनं कुणी थांब म्हणलं न्हाय, म्हणून म्या बी थांबलो न्हाय.