खांबेटे मास्तरांची मेन लाईन

काशीत राजा घाटाच्या वरच्या गल्लीत 'गंगाश्रय' नावाची एक संस्था आहे. तिच्या जिन्यावर पाय ठेवायचा असेल तर आधी हातात पितळी गोळा असावा लागतो. गोळा पेरूएवढा आहे. जिना एका माणसाच्या रुंदीचा आणि अंधारा आहे. वर जाणाऱ्याने गोळा घेऊन जायचा आणि वरच्या कोनाड्यात ठेवायचा. खाली येणाऱ्याने तो घेऊन यायचा. गोळा वर असेल तर खालच्याने खाली थांबायचे, मग वर त्याची पत्नी असो की पेटलेली शेगडी. एकदा साताऱ्याच्या एक यात्रेकरू बाई चुकून गोळा पिशवीत घालून प्रयागला गेल्या. त्या परत येईपर्यंत जिन्यावरची वाहतूक सहीच्या चिठ्ठ्यांवर चालली होती.

या व्यवस्थेचे जनक गजाननराव खांबेटे. पूर्व उत्तर प्रदेशातल्या एकेरी मार्गाच्या लहानलहान स्टेशनांवर ते स्टेशनमास्तर होते. तिथे ड्रायव्हरच्या हातात असा गोळा, म्हणजे टोकन, दिल्याखेरीज गाडी हलत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी गंगाश्रयची व्यवस्था बिनपगारी हाती घेतली आणि सर्वप्रथम जिन्याला एकेरी मार्ग घोषित केले. गल्लीत त्यांना 'मास्टर साहब' म्हणतात. काही पालक मुलांना गणिताच्या शिकवणीसाठी त्यांच्याकडे घेऊन येतात. मास्तर त्यांचा गैरसमज दूर करतात, पण मुलांना सिग्नलचे नियम शिकवूनच परत पाठवतात.

मी त्याच गल्लीत राहतो आणि एका हिंदी दैनिकात शहराच्या बातम्या पाहतो. मास्तरांना फोन केला तर ते 'हॅलो' म्हणत नाहीत, 'लाईन क्लिअर?' म्हणतात. जेवायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाच प्रश्न विचारतात. आतून स्वयंपाकीणबाईंचे 'क्लिअर' आल्याशिवाय पाटावर बसत नाहीत. कुलपांवर त्यांचा जीव आहे. गंगाश्रयात पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे, वर्तमानपत्रांच्या दांडीला आहे, माठाच्या झाकणाला साखळी आहे. त्यांचा स्वतःचा फ्लॅट शहराच्या नव्या भागात आहे. मुलगा बंगळुरूला, पत्नी वारलेली. त्या फ्लॅटला तीन कुलपे आहेत. आत चोरण्यासारखे काय आहे, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "सध्या मी पण नाही."

सरकारने मध्यंतरी एक योजना काढली. ज्या सेवाभावी संस्थांना धोका आहे, त्यांना सुरक्षेसाठी अनुदान मिळणार होते. लोखंडी फाटक, कॅमेरे, भिंतीवर तार, असे सगळे. अट एकच होती. धोका आहे हे संस्थेने सिद्ध करायचे. योजना छापून आली आणि शहरातल्या सेवाभावी संस्थांना एकाएकी शत्रू मिळू लागले. ज्यांच्या दारात वर्षानुवर्षे गायीखेरीज कोणी उभे राहिले नव्हते, त्यांच्या आसपास संशयित इसम घुटमळू लागले. एका संस्थेला धमकीचे पत्र आले. ते ज्या दुकानात टाईप झाले होते, त्याच दुकानात त्या संस्थेचा अर्जही टाईप झाला होता. दुकानदाराने दोन्हींना एकच अक्षरवळण वापरले होते.

गंगाश्रयला अनुदानाची गरज खरी होती. तिथे वर आठ-दहा खोल्या आहेत आणि काशीवासासाठी महाराष्ट्रातून आलेली काही वृद्ध माणसे त्यांत राहतात. फाटक आणि कॅमेरे नसतील तर इथे कोणाला राहू देता येणार नाही, असे प्रशासनाने कळवले होते. संस्थेचे अध्यक्ष पुण्याला असतात. त्यांनी मास्तरांना फोनवर सांगितले की अनुदान मिळाले तर ठीक, नाहीतर वृद्धांना आपापल्या गावी पाठवू आणि जागा गेस्ट हाऊसवाल्याला देऊ. गेस्ट हाऊसवाला घाटावरून इमारतीचे फोटो काढूनही गेला होता. फोटोत वाळत घातलेली नऊवारी लुगडी येऊ नयेत म्हणून त्याने ती काढायला सांगितली होती.

मास्तर अर्जाला बसले आणि अडले. धोका लिहायचा म्हणजे आपल्या पहाऱ्यात ढिलाई आहे असे कबूल करायचे. ते चौकीवर गेले. दारोगाने नोंदी पाहिल्या. गंगाश्रयच्या नावावर चोरी नाही, मारामारी नाही, साधी तक्रार नाही. दारोगा सहानुभूतीने म्हणाला, "मास्टर साहब, पहले एक छोटी-मोटी चोरी करवा लीजिए. फिर आइए, हम लिख देंगे."

मास्तर तिथून थेट माझ्याकडे आले. चहा घेतला नाही.

"अपघात झाला नाही, मतलब धोका नाही म्हणतात," ते म्हणाले. "माझ्या आख्ख्या नोकरीत एक अपघात झाला नाही. मग सरकार मला पगार कशाचा देत होतं?"

शेवटी त्यांनी जे खरे तेच लिहिले. धोका: माकडे, संघटित. त्यांचे येण्याचे मार्ग, परतीचे मार्ग आणि पळवलेल्या वस्तू असे तीन रकाने केले. सोबत इमारतीचा नकाशा जोडला. नकाशात फाटकाला 'होम सिग्नल', अंगणाला 'यार्ड' आणि संडासाला 'साईडिंग' म्हटले होते. पाहणी समितीला हा नकाशा इतका सरकारी वाटला की अर्ज पहिल्याच फेरीत पुढे गेला.

पाहणीला तिवारीजी नावाचे अधिकारी आले. मी बातमीसाठी हजर होतो. तिवारीजींनी फाटकाची जागा पाहिली, भिंत पाहिली, आणि कोणाला काही न विचारता जिना चढू लागले. मास्तर खालून शांतपणे म्हणाले, "साहब, टोकन नहीं लिया आपने." तिवारीजींना वाटले, आपल्यालाच कोणीतरी रांगेत उभे करत आहे. ते हसले आणि चढत राहिले. जिन्याच्या मध्यावर त्यांना वरून येणाऱ्या आक्का भेटल्या. आक्कांच्या हातात गोळा होता.

आक्का म्हणजे गंगाश्रयातल्या सर्वांत जुन्या रहिवासी. पतीबरोबर वाई भागातून काशीवासाला आल्या. पती गेले, त्या राहिल्या. गेली काही वर्षे त्यांना माणसे ओळखू येत नाहीत. हिंदी त्यांना तेव्हाही येत नव्हती. त्यांनी अधिकाऱ्याच्या पोटाला गोळा टेकवला आणि म्हणाल्या, "सरक रे बाळा. मागं हो."

नियमाप्रमाणे गोळा आक्कांकडे होता, त्यामुळे मार्ग आक्कांचा होता. सुरक्षा समितीचे पाहणी अधिकारी एकेक पायरी उलटे उतरले. मास्तरांनी त्यांना बाजूला उभे केले, आक्कांकडून गोळा घेतला, मान लववून तिवारीजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "अब जाइए. लाईन क्लिअर." तिवारीजी वर गेले. या संस्थेत शिस्त आहे, असे त्यांनी अहवालात लिहिल्याचे मला नंतर कळले. भीती हा शब्द सरकारी अहवालात बसत नसावा.

खाली आल्यावर त्यांना मागचा दरवाजा दिसला. लहान, वाकून जाण्याचा, थेट घाटाच्या पायऱ्यांवर उघडणारा. त्याला कुलूप नव्हते. कडी नव्हती. कडीची भोकेसुद्धा नव्हती. माठाला साखळी घालणाऱ्या माणसाच्या इमारतीत हा दरवाजा अर्धा उघडा होता आणि उंबऱ्यावर कुत्रे झोपले होते.

"यह क्या है?" तिवारीजींनी विचारले.

"इसे बंद ही समझिए," मास्तर म्हणाले.

"खुला है."

"जी. खुला है."

तिवारीजींनी नियम वाचून दाखवला. संस्थेला प्रवेश एकच असावा. बाकीचे विटांनी बंद करावेत. विटांचा खर्च अनुदानात धरता येईल, असेही त्यांनी मोठ्या मनाने सांगितले. मला वाटले मास्तर खूश होतील. आयुष्यभर दारे बंद करणाऱ्याला सरकार भिंत बांधून देत होते. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो. मी त्यांना याआधी विचार करताना पाहिले नव्हते. नियम असताना त्याची गरज पडत नसे.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. अध्यक्ष स्पष्ट बोलले. दरवाजा बुजवा, नाहीतर महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. मास्तरांनी ऐकून घेतले आणि फोन ठेवला. मी विचारले, एका भोकासारख्या दारासाठी सगळे घालवणार का? ते म्हणाले, "ती मेन लाईन आहे." मी म्हटले, कोणाची? त्यांनी माठाची साखळी एकदा ओढून पाहिली.

उत्तर मला स्वयंपाकीणबाईंकडून मिळाले. आक्का रोज संध्याकाळी घाटावर दिवा सोडायला जातात आणि त्याच दाराने परत येतात. दशाश्वमेधाकडे आरतीची गर्दी लोटलेली असते, आक्कांचा दिवा इकडे, शेवटच्या पायरीवर, एकटाच. माणसे विसरल्या तरी त्या पायऱ्या विसरलेल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात घाट बुडाले होते, तेव्हा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन पुढच्या दाराने परत आणले. आक्का दाराशी थांबल्या. आत येईनात. म्हणाल्या, "हे आमचं नव्हे. आमच्या दारातून नदी दिसते." समजावणारे थकले. आक्का गल्लीत भिंतीला टेकून बसून राहिल्या, परक्याच्या दारात बसतात तशा, पदर सावरून. मग मास्तर आले. त्यांनी वाद घातला नाही. शेजाऱ्यांच्या अंगणातून आक्कांना मागे नेले, पाणी जिथवर आले होते त्या पायरीपर्यंत उतरवले, तिथे वळवले आणि पुन्हा वर आणले. मागच्या दारातून आक्का आपणहून आत गेल्या आणि आल्याबरोबर त्यांनी हातपाय धुतले.

म्हणजे दार बुजवले तर आक्का राहत्या घरी बेघर होणार होत्या, आणि न बुजवले तर सगळेच बेघर होणार होते. सरकारी योजनांना असा नेमकेपणा सहज साधतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिवारीजींच्या कार्यालयात गेले. मीही गेलो. मास्तरांनी नियमावली मागितली आणि तिथेच बाकावर बसून सगळी वाचली. ती आजवर कोणी वाचली नसावी, कारण शिपाई ती शोधायला बराच वेळ आत गेला होता. एका कलमाखाली बारीक अक्षरात लिहिले होते की दुसरा प्रवेश ठेवायचाच असेल तर तिथे चोवीस तास पहारेकरी असावा.

तिवारीजी म्हणाले, पहारेकऱ्याचा पगार अनुदानात बसत नाही. ते खरे होते. अनुदान लोखंडाला होते, तारेला होते, कॅमेऱ्याला होते. माणसाला नव्हते.

"पगार नको," मास्तर म्हणाले. "मेरा नाम लिखिए."

तिवारीजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "चौबीस घंटे, मास्टर साहब? इस उमर में?"

"स्टेशन कभी बंद होता है क्या?"

तिवारीजींनी पेनाचे टोपण काढले. बहुधा त्यांना जिना आठवला असावा. त्यांनी नाव लिहिले.

अनुदान मंजूर झाले. पुढे लोखंडी फाटक बसले. ते इतके जड आहे की उघडायला दोन माणसे लागतात, त्यामुळे दिवसभर उघडेच असते. भिंतीवर तार आली; तिच्यावर आता लुगडी वाळतात. कॅमेरे आले. त्यातला एक माकडांनी पहिल्याच आठवड्यात उतरवून नेला. नेतानाचे चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्यात स्पष्ट आहे आणि मास्तरांनी ते 'धोका सिद्ध झाला' अशा शेऱ्यासह समितीला पाठवले. गेस्ट हाऊसवाला पुन्हा आला नाही. उद्घाटनाचा फोटो आमच्या अंकात एक कॉलम लागला. त्यात तिवारीजी, फाटक आणि एक बैल आहेत.

महिन्याभराने अनुदानाचा विनियोग कसा झाला, यावर लिहायला मला संपादकांनी पाठवले. मी संध्याकाळी गेलो. मास्तर जिन्याखालच्या आपल्या टेबलाशी नव्हते. मागच्या दाराशी त्यांची खाट होती, ट्रंक होती, खुंटीला इस्त्रीचा शर्ट होता. स्टुलावर कापडात गुंडाळलेला जेवणाचा डबा होता. फ्लॅटची तीन कुलपे आता कायमची लागली होती. घाटाकडून मुन्शी घाटाच्या दिशेने जाणाऱ्या होड्यांचे आवाज येत होते.

मी फाटकाबद्दल विचारू लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. शर्टाचे वरचे बटण लावले. कोपऱ्यातून हिरवा झेंडा घेतला आणि दारात उभे राहिले.

पायऱ्यांवरून आक्का येत होत्या. हातात रिकामे तबक. दारापुढच्या पायरीला त्या थांबल्या. मास्तरांनी बाहेर डोकावून पायऱ्या, कुत्रे आणि दोन्ही बाजू पाहिल्या आणि झेंडा दाखवला. आक्का वाकून आत आल्या. आत उजेड कमी होता.

"कोण?" त्यांनी विचारले.

"मी," मास्तर म्हणाले.

"जेवलास का?"

"जेवलो."

आक्कांची खात्री पटली. टेबलावरून गोळा घेऊन त्या जिना चढून गेल्या. वर कोनाड्यात तो ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा मास्तरांनी झेंडा खाली घेतला.

मी विचारले, त्या तुम्हाला नक्की कोण समजतात?

"रोज वेगळं कुणीतरी," ते म्हणाले. "एक दिवस भाऊ होतो. एकदा दीर होतो. मी काही विचारत नाही." त्यांनी झेंडा काठीला घट्ट गुंडाळला. "पण जेवलास का, हे सगळ्यांनाच विचारते."

झेंडा त्यांनी स्टुलावर, डब्याशेजारी ठेवला. डब्यावरच्या कापडाची गाठ अजून सुटलेली नव्हती.