पंचविसावा दात

टिक्.

जेवणं आटोपली होती, सासूबाई आडव्या झाल्या होत्या, लेक शाळेतून येऊन झोपली होती आणि घरात एकदाचं कुणीच काही मागत नव्हतं. या एका तासासाठी ती सकाळपासून सगळ्यांशी गोड बोलत आली होती. समोर जैविक मानवशास्त्राचं पुस्तक उघडं होतं आणि उद्या अकरा वाजता प्रात्यक्षिक परीक्षा होती. टिक्. नळ असेल, म्हणून तिने पान उलटलं. टिक्... टिक्. नळ इतका विचार करून गळत नाही, हे लक्षात आल्यावर ती उठली.

आतल्या खोलीत सहा वर्षांची लेक फरशीवर मांडी घालून बसली होती. शेजारी कॉलेजच्या विभागाची लाकडी पेटी. चोवीस कप्पे, चोवीसही रिकामे. आणि फरशीवर दातांची रांग, शाळेत प्रार्थनेला उभं करतात तशी, बुटके पुढे आणि उंच मागे.

"लांबून बघ हं," लेक म्हणाली. "ओळ मोडेल."

पेटी घरी न्यायची परवानगी मुळात कुणालाच नव्हती. पण मूल झाल्यावर सोडलेलं शिक्षण तिने चार वर्षांनी पुन्हा धरलं होतं, आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबणं तिला जमत नव्हतं. म्हणून विषय शिकवणाऱ्या मॅडमनी सही घेऊन पेटी दोन दिवसांसाठी दिली होती. "एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तर परीक्षेला बसू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मॅडम गंमत करणाऱ्यांतल्या नव्हत्या. परीक्षा बुडाली की वर्ष बुडणार, आणि आणखी एक वर्ष घरात कुणाकडे मागायचं हे तिला माहीत नव्हतं.

तिने दात मोजले. पंचवीस. पुन्हा मोजले. पंचवीस.

कमी भरले असते तर ती रडली असती. जास्त भरल्यावर काय करायचं असतं, हे तिला सुचेना.

"बाळा, एक जास्त कुठून आला?"

"माझा आहे ना. परवा पडला तो. आजीच्या डबीत एकटाच होता बिचारा."

"मग त्यातला तुझा कुठला?"

लेकीने रांगेकडे पाहिलं. "हा. नाही, हा. मगाशी हा होता."

मोठ्या माणसांचे दात तिने पुस्तकातल्या आकृत्या बघून तासाभरात जागेवर बसवले. दाढा, सुळे, सगळे शहाण्यासारखे आपापल्या कप्प्यात गेले. उरले दुधाचे दात. पेटीत सहा होते, आता सात झाले होते. सातही समोरचे, पटाशीचे, तांदळाच्या दाण्यांसारखे सारखे. नंबर चिकटवलेले कप्प्यांना, दात कोरेच. त्यात आणखी एक भानगड अशी, की मूळच्या सहांतले पाच माणसाच्या मुलांचे होते आणि सतरा नंबरचा एका चिंपांझीच्या पिल्लाचा.

तिने भिंग घेतलं. बराच वेळ बघून त्यातला जरा रुंद, पुढे झुकलेला दात बाजूला काढला. हा चिंपांझी. बहुतेक.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. झाला प्रकार ऐकला, चष्मा लावला आणि अर्ध्या मिनिटात नेमका तोच दात उचलला. "हा आपला. शंभरांत ओळखेन मी."

"आई, तो नसेल बहुतेक."

"का नसेल? हिच्या बाबाचा पहिला दात अगदी अस्साच होता. जरा रुंद, पुढे आलेला. माझ्या सासऱ्यांचेही तसेच."

"तो मला... जरा वेगळ्या घराण्यातला वाटतो."

"घराणं तू मला शिकवू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

तिने तो दात परत सहांमध्ये ठेवला, आणि ठेवल्या क्षणी कुठला ठेवला ते विसरली.

संध्याकाळी नवरा आला. तो नट-बोल्टच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. मोजल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. बॅगेतून त्याने स्वतःचा बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला, पुसला आणि लेकीला खिडकीशी उभं केलं.

"आ कर. मोठा आ. जीभ मागे."

पडलेल्या दाताच्या खिंडाराचं माप निघालं. मग त्याने एकेक दात मापाला लावला. "हा पास. हा नापास. हा पास. हा... हाही पास."

"तीन पास झाले?"

"चार."

"अरे, मग उपयोग काय झाला?"

"आमच्याकडे चारही पाठवले असते," तो शांतपणे म्हणाला.

सकाळी चहा घेताना ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. हस जरा."

तो हसला. दात रुंद होते, किंचित पुढे आलेले. आपण दोन वर्षं नेमकं काय शिकलो, असा प्रश्न तिला पडला आणि तिने कप खाली ठेवला.

दहाच्या ठोक्याला ती मॅडमच्या खोलीत उभी होती. सगळं सांगून टाकलं, अगदी व्हर्निअरसकट. सात दात मॅडमनी काळ्या कापडावर घेतले, दिवा ओढला, भिंग लावलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"सतरा नंबर यातला कुठला?" मॅडमनी विचारलं.

"तेच विचारायला आलेय, मॅडम."

मॅडमनी एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. मग उठून दार लावून घेतलं.

"बाहेर बोलू नकोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वीस वर्षं शिकवतेय. पण कप्प्यावरचा नंबर बघायचा आणि सांगायचं, हा चिंपांझी. दाताकडे इतकं निरखून मी आज पहिल्यांदा बघतेय."

"मग आता?"

"आता परीक्षा. तू काल दिवसभर हेच केलंस ना? बस परीक्षेला."

अकरा वाजता एकोणीस विद्यार्थ्यांसमोर सात दात ठेवले गेले आणि फळ्यावर एकच प्रश्न आला: यांतला या पेटीतला नसलेला दात कोणता, कारणांसह लिहा. अठरा जणांनी सात वेगवेगळी उत्तरं दिली आणि प्रत्येकाने आपलं उत्तर खात्रीने पटवून दिलं. तिने एकटीने लिहिलं, सांगता येत नाही. आणि का येत नाही, त्याची चार पानं भरली. मॅडमनी तिला पास केलं. मग पेटीकडे बघून म्हणाल्या, "कप्पे चोवीसच आहेत. पंचविसावा मी कुठे ठेवू?" सर्वांत जास्त मुलांनी निवडलेला दात त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातात दिला. "शास्त्रात मतदान नसतं," त्या म्हणाल्या. "आजचं सोडून."

घरी सगळे दारातच उभे होते. पास झाल्याचं ऐकून नवऱ्याने पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी आधी पुडी उघडली आणि नाक मुरडलं. "हा नव्हे. हा अगदीच कुणाचातरी आहे."

लेकीने दात तळहातावर घेतला. आपल्या खिंडारावरून जीभ फिरवली, दात उलटापालटा करून पाहिला.

"हा माझा नाहीये, आई."

"कशावरून, सोन्या?"

"नाहीये. पण असू दे." तिने मूठ मिटली, थंडी वाजू नये तशी दुसऱ्या हाताने झाकली. मग थोडा विचार करून विचारलं, "आई, हा आपल्याकडे आहे, हे याच्या आईला माहितीये का?"