गोविंदरावांची पकड

गोविंदराव थंडीत स्वतः एका विरलेल्या शालीत कुडकुडायचे आणि मोटारीच्या चारी टायरांना गोधड्या पांघरायचे. बऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत, आमच्या शेजारच्या अंगणात, त्यांची ती लाल, बिनटपाची, दोनच माणसांची मोटार उभी असे. सकाळी गोधडी वर करून ते उलट्या हाताने टायर चाचपायचे, आपण मुलाचा ताप बघतो तसे. मग मान हलवायचे. "अं हं. गारच आहे अजून."

संस्थानं विलीन होत होती तेव्हाची ही गोष्ट. गोविंदराव एका लहानशा संस्थानात राजपुत्राला शिकवायला होते. संस्थान गेलं, आणि हे एकटेच मोटार घेऊन बऱ्हाणपुरात उतरले. "महाराजांनी दिली," एवढंच सांगत. आता मीही शिक्षकच. आमच्या जातीला निरोपाला नारळ मिळतो, मोटार नाही. तेव्हा संशय घेण्यात मी गल्लीच्या एक पाऊल पुढेच होतो. गल्लीचं मत पक्कं होतं: राजवाड्यातले दागिने टायरांत आहेत, म्हणून ह्या गोधड्या.

संशयात गोविंदरावही कमी नव्हते. कुणीही दारात आलं की पहिला प्रश्न, "पाठवलं कुणी?" संक्रांतीला माझी बायको तिळगूळ घेऊन गेली, तर तिलाही तेच. वर तिच्यादेखत लाडू हुंगून पाहिला. तेव्हापासून ती त्यांचं नाव काढलं की भांडी आपटायची.

एकदा मी गोधड्यांचं विचारलंच. आधी त्यांनी भिंतीपलीकडे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मास्तर, रबर थंडीत कडक होतं. रस्ता धरत नाही. साध्या मोटारीचं ठीक आहे, पण ही शर्यतीची. अंगाने हलकी, जोर राक्षसाचा. गार टायरांवर वळणात दामटली की मागची चाकं निघालीच. आधी सावकाश फिरवायची, टायर कोमट झाले की मग पकड येते." मी मान डोलावली. विश्वास काडीचा ठेवला नाही.

पुढच्याच थंडीत घोटाळा झाला. दूधवाल्याने सहज विचारलं, "काय साहेब, आज गाडी निकाली नाही?" गोविंदराव म्हणाले, "अजून पकड कुठाय? ऊन वर आलं की पकड."

दूधवाला पुढच्या घरी सांगत गेला, "गोविंदरावची आज पकड आहे. धूप निकलली की पुलिस येते!"

ऊन वर येईपर्यंत अर्धा बुधवारा आमच्या गल्लीत. गोविंदराव कोट चढवून बाहेर आले, गर्दी पाहून पांढरेफटक पडले आणि ओरडले, "पाठवलं कुणी तुम्हाला?" एवढी गर्दी कसली म्हणून मग खराच हवालदार आला.

"किसकी पकड़ है?"

"टायरची!" गोविंदराव म्हणाले.

ह्यावर कुणाचाच विश्वास बसण्यासारखा नव्हता. हवालदाराने गोधड्या ओढून काढल्या. खाली नुसते टायर. गर्दीतून कुणी म्हणालं, "अंदर देखो, अंदर!" हवालदाराने एकाला चाकू आणायला सांगितलं. टायर फाडायचा, आणि काही निघो न निघो, मोटार ठाण्यात जमा.

गोविंदराव चाकासमोर फतकल मारून बसले. "दुसरा टायर मिळायचा नाही हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. दागिने लपवणारा माणूस असा रडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी पुढे झालो. "हवालदारसाहेब, ह्यांच्याबद्दल मी जामीन." शाळेतल्या मास्तराचा तेव्हा थोडा मान होता. हवालदार कुरकुरत गेला, त्याच्यामागे हिरमुसलेली गर्दी.

"मास्तर," गोविंदराव डोळे पुसत म्हणाले, "तुम्हाला पाठवलं कुणी?"

"कुणी नाही. शेजारी आहे मी."

संध्याकाळी ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले. बायकोने मुकाट्याने चहा पुढे केला. त्यांनी तो न हुंगता घेतला आणि आपणहून बोलू लागले. मोटार राजपुत्राची. एका थंडीच्या पहाटे तो ह्यांना शेजारी बसवून घाटात निघाला. वळणावर चाकांनी रस्ता सोडला. ह्यांना खरचटलं. पोराला दगड लागला, तो तिथेच गेला. महाराज म्हणाले, ही माझ्या नजरेसमोरून न्या, कुठे नेता ते सांगू नका. पुढे त्यांचं मन फिरलं तर मागावर माणूस पाठवतील, ही धास्ती ह्यांना तेव्हापासूनची.

"विकवत नाही हो," गोविंदराव म्हणाले.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग चाचरत म्हणाले, "चालवताना मी त्याच्या जागेवर बसतो, मास्तर. माझी जागा तेव्हापासून रिकामीच आहे. उद्या बसाल?"