काळेआप्पांचा दमा

आमच्या सिडकोतल्या इमारतीत दम्याचा अभिमान बाळगणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे काळेआप्पा. लोकांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असतं, आप्पांच्या खिशात निळा पंप असतो, आणि तो अर्धा बाहेर डोकावेल अशाच बेतानं ठेवलेला असतो.

जिन्यात कोणी नुसतं खोकलं तरी आप्पा थांबवतात. "दमा हाय का? असला तर लाजू नका. मला बी हाय." हे ते अशा थाटात सांगतात, की आपल्याला साधाच खोकला झाल्याची ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

आप्पा पैठणच्या कालव्यावर निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण पाणी सोडणं काही सुटलं नाही. आता ते लोकांच्या छातीत सोडतात. "नळी येगळी, नस येगळी," हे त्यांचं पालुपद. डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडून त्यांनी ही विद्या मिळवली आहे. एकदा मला भाजीच्या पिशवीसकट जिन्यातच धरलं.

"ताई, पंप ओढला की नळीभोवतीचा स्नायू सैल पडतो, नळी उघडती. हे समद्यांना माहिताय. पण नळीच्या अस्तरात बारीक बारीक नसा असत्यात. औषधानं त्या बी रुंदावत्यात, रगत जास्त खेळतं. दमेकऱ्याच्या नसा मात्र लई आडमुठ्या! औषध गेलं तरी नीट ऐकत नाईत. मग सूज उतरवायचा दुसरा पंप असतो, रोजचा. त्यो नेमानं घेतला की त्या हळूहळू ऐकाया लागत्यात. कालवा उघडला म्हंजी शेतातल्या चारीला पाणी पोचलंच, असं नसतंय!"

माझी मेथी सुकली, पण समजलं सगळं.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. हा दमेकरी रविवारी देवगिरीचा किल्ला चढतो, तोही आमच्या ह्यांच्या पुढं. गणपतीत शंख फुंकतो, तर खालची कुत्री भुंकायला लागतात. विचारलं तर उत्तर तयार: "पंपाची कृपा!"

संक्रांतीनंतर त्यांच्याकडं हळदीकुंकू होतं. आप्पांच्या पत्नी आता नाहीत, त्यामुळं सगळं सुनेनं, सारिकानं मांडलं होतं. तिचा नवरा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर. पैठणहून आप्पांची थोरली बहीण आली होती. सारिकाचं लग्न ह्याच आत्याबाईंनी जमवलेलं, आणि ते त्या विसरू देत नसत.

"लई पोरी बघितल्या," त्या बायकांना सांगत होत्या. "एक तर नक्षत्रासारखी होती. पण दम्याची निघाली. म्हणलं, नगं बाई, आमच्या घरात आजारपण नगं."

तेवढ्यात कोणीतरी निखाऱ्यांवर मूठभर ऊद टाकला. खोली धुरानं भरली. सारिका खोकली, पदर तोंडाशी दाबून पुन्हा खोकली. तिचे खांदे वर वर जायला लागले. ती स्वयंपाकघराकडं बघत होती, आणि नेमक्या त्याच दारात आत्याबाई ऐसपैस बसल्या होत्या.

हळदीकुंकवात पुरुष येत नाहीत. आप्पा आले. खोटं खोटं खोकत, अगदी वाईट नट खोकतो तसे, सुनेजवळ येऊन बसले.

"सारिका, ह्यो पंप कसा ओढायचा, इसरलो बघ. करून दाव बरं एकदा."

बायका हसल्या. "म्हातारा पार इसरभोळा झाला," आत्याबाई म्हणाल्या.

सारिकानं पंप हलवला, श्वास सोडला, औषध आत ओढलं, धरून ठेवलं.

"आता पुन्यांदा दाव. मला लवकर समजत नाय."

तिनं पुन्हा ओढलं. आप्पांनी खिडक्या उघडल्या, उदाचं भांडं बाहेर नेलं. हळूहळू सारिकाचे खांदे खाली आले, आणि ती वाण वाटायला उठली. मला एकदम उमगलं, आप्पांना पंप ओढताना मी कधी पाहिलेलंच नव्हतं. नुसताच दाखवताना पाहिलं होतं. त्या माणसाच्या पाया पडावं असं मला तिथंच वाटलं.

निघाले तेव्हा ते बाहेर उदावर पाणी शिंपडत होते.

"आप्पा, दमा कधीपासून आहे तुम्हाला?"

"लग्न झाल्यापासून."

"तुमच्या?"

"पोराच्या." त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "न्हाणीत नळ सोडून पंप ओढायची, ताई, आवाज येऊ नाय म्हणून. परक्या घरात एकटीच दमेकरी. म्हणलं, आपल्याला बी असला, तर पोरीला सोबत व्हईल."