पारदर्शक पिशवी

या शहराच्या कचऱ्याला वळण लावील असा माणूस जगात एकच होता, आणि तो रोज सकाळी माझ्या आरशात दाढी करायचा! मला हे फार आधीपासून ठाऊक होतं. शहराला कळायला जरा वेळ लागला, इतकंच.

मी पालिकेच्या घनकचरा विभागात उपअभियंता. एक दिवस राजधानीतून फर्मान आलं : देशाचा कचरा सुधारायचाय, तेव्हा पुढारलेल्या देशांकडून शिका. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही जा, बघा, शिका, आणि आधी आपल्या शहरात करून दाखवा. जमलं तर देशभर!"

मी गेलो. काय सांगू तुम्हाला! रस्ते असे की ताटाची गरज नाही, सरळ डांबरावर वाढून घ्यावं! कचराकुंडी औषधालासुद्धा नाही. तिथल्या एका अधिकाऱ्यानं मला गुपित सांगितलं. प्रत्येक घराबाहेर कचऱ्याची पारदर्शक पिशवी, आणि त्या पिशवीवर घरमालकाचं नाव. आत काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, म्हणून कोणी वेडंवाकडं टाकत नाही.

परत आलो तो साहेबांच्या केबिनमध्ये चपला न काढता घुसलो.

"साहेब, लाज!"

"कोणाला?" साहेब दचकले.

"सगळ्यांना! लाजेवर चालणारी यंत्रणा आहे ही! डिझेल नको, मजूर नकोत. माणसाला लाज वाटली की कचरा आपोआप सुधारतो!"

साहेबांचे डोळे चमकले. आठवड्याच्या आत हुकूम निघाला. कुंड्या उचलल्या, काळ्या पिशव्यांवर बंदी आली, मुकादमाच्या हाताखाली भरारी पथक तयार झालं. प्रयोगाला वसाहत कुठली? अर्थात माझीच! सुरुवात स्वतःच्या घरापासून करणारा माणूस मी.

घरी आम्ही तिघं. मी, बायको आणि बाबा. बाबा पोलिसांच्या बँडचे निवृत्त बँडमास्तर. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ अशी ताठ की भिंतीनं लाजून जरा वाकावं. बूट रोज पॉलिश. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते ठेक्यात.

त्या दिवशी जेवताना मी योजना समजावली. बायकोनं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "एखादी काळी पिशवी नाही का चालणार? एखाद्याच गोष्टीसाठी?"

"काळी?" मी हातातला घास परत ताटात ठेवला. "काळी पिशवी म्हणजे चोरानं तोंडाला बांधलेला रुमाल! लपवायचंय काय तुला?"

"अहो, मला नाही. पण घरात आजारी माणसं असतात, म्हातारी..."

"नियम म्हणजे नियम! उद्या लोक म्हणतील, साहेबांच्या घरी सूट!"

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "शिस्त चांगली." आणि उठून खोलीत गेले.

"बघ!" मी बायकोला म्हणालो. "त्यांना कळलं!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

योजना सुरू झाली आणि वसाहतीची करमणूकही सुरू झाली. दातांच्या डॉक्टरांच्या पिशवीत चॉकलेटचे कागद! समोरच्या वकिलांच्या पिशवीत केस काळे करायच्या बाटल्या! 'माझं वजन हवेनं वाढतं' म्हणणाऱ्या कोपऱ्यावरच्या मावशींच्या पिशवीत केकची खोकी, तीही एकावर एक! लोक सकाळी फिरायला बाहेर पडायचे आणि पिशव्या वाचत वाचत जायचे, वर्तमानपत्र वाचावं तसे. मावशी घराबाहेर पडेनाशा झाल्या. वकिलांनी टोपी घालायला सुरुवात केली. माझ्या दृष्टीनं ही सगळी प्रगती होती!

आमची पिशवी मात्र आदर्श. मोठ्या अक्षरांत आडनाव, आत भाजीची देठं, कागद आणि दुधाच्या पिशव्या. मी तिचा फोटो काढून साहेबांना पाठवला.

एकच भानगड झाली. घराला वास यायला लागला.

वास कसला, ते मला ओळखता येईना. मला! कचरा डेपोवर डोळे मिटून उभं केलं तरी कुठल्या वॉर्डाचा ढीग आहे ते सांगणारा माणूस मी! मी मोरीच्या नळीवर संशय घेतला. प्लंबरनं अर्धी मोरी उखडली. मग मी मेलेल्या उंदरावर संशय घेतला. कपाटं सरकवली, उंदीर सापडला नाही. बाबांच्या खोलीत जायला लागलो, तर त्यांनी दार आतून लावलेलं. फटीतून कोलन अत्तराचा भपकारा येत होता.

"बाबा, तुमची खोली बघू?"

"माझी खोली स्वच्छ आहे." आतून उत्तर आलं.

त्यानंतर दोनतीन दिवसांत वास गेला आणि एक आनंदाची गोष्ट घडली. बाबा सकाळी फिरायला जाताना ट्रम्पेटची पेटी घेऊन जायला लागले! आई गेल्यापासून त्यांनी ट्रम्पेटला हात लावला नव्हता. आता रोज ताठ मानेनं, डावा-उजवा, डावा-उजवा, कालव्याच्या पुलावरून पलीकडे. मला भरून आलं.

"रियाजाला जाता का?" मी विचारलं.

"हं," बाबा म्हणाले.

"इथेच वाजवा की गच्चीवर!"

"लोकांना त्रास नको."

मी ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना सांगितली. साहेबांना तर दोनदा सांगितली. स्वच्छ वातावरणात म्हाताऱ्या माणसाच्या मनाला कशी पालवी फुटते, यावर मी एक टिपणही लिहिलं!

महिन्याभरानं योजना शहरभर सुरू करायचा समारंभ ठरला. कालव्याकाठच्या बागेत मांडव, खुर्च्या, राजधानीतून आलेला एक पाहुणा, वार्ताहर. मी इस्त्रीच्या कोटात व्यासपीठावर. बायको पहिल्या रांगेत. साहेब भाषणात 'लाज ही राष्ट्राची ऊर्जा आहे' इथपर्यंत आले होते, एवढ्यात बागेच्या दारातून मुकादम आला. एका हातानं गर्दी बाजूला सारत, दुसऱ्या हातानं बाबांना धरून!

"साहेब!" तो आनंदानं ओरडला. "आपले वडील! पुलावर भेटले. पेटी घेऊनच आलेत बघा! नको नको म्हणत होते, मीच ओढून आणलं!"

टाळ्या पडल्या. साहेब खूश. "वा! मास्तर, या, वर या! शुभारंभाची तुतारी तुमच्याच हातून!"

बाबांनी पेटी छातीशी धरली. "आज नको."

"लाजताय काय, बाबा?" मी माईकवरूनच बोललो. लोक हसले.

"ओठ फुटलाय," बाबा म्हणाले.

"एकच सूर!" साहेब म्हणाले.

पहिल्या रांगेतून बायको उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, नाही, नाही, अशी. मला वाटलं, ती म्हणतेय, असे नाही ऐकायचे ते. म्हणून मी पुढे झालो, हसत हसत बाबांच्या हातातून पेटी घेतली, टेबलावर ठेवली आणि दोन्ही खटके उघडले.

आत ट्रम्पेट नव्हतं. आत एक काळी पिशवी होती. झाकणाच्या दाबानं ती फुटलेली होती, आणि पेटी पाहुण्याच्या बाजूला तोंड करून होती.

मोठ्या माणसांचे डायपर. वापरलेले.

बाबांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ते लागत. हे मला माहीत होतं. पुडके मीच औषधांच्या दुकानातून आणायचो. पण वापरल्यावर ते जातात कुठे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी घनकचरा विभागात आहे!

मागे कोणीतरी नाक दाबलं, कोणीतरी खिदळलं. बाबा पाठ ताठ ठेवून समोर बघत उभे होते, सलामी द्यायला उभे असावेत तसे. फक्त त्यांची हनुवटी हलत होती.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण तेवढ्यात साहेबांनी माईक ओढला. साहेब उगाच साहेब झालेले नाहीत!

"नागरिकहो!" ते गरजले. "बघा! या अधिकाऱ्यानं स्वतःच्या वडिलांनासुद्धा सोडलं नाही! भर सभेत, स्वतःच्या हातानं पेटी उघडली! याला म्हणतात कर्तव्य!"

पाहुणा उठून टाळ्या वाजवायला लागला. मग सगळा मांडव. वार्ताहरांचे कॅमेरे चमकले. आणि मी? मी मान जराशी झुकवली. नम्रपणे. तसा माझा फोटोच आलाय.

मुकादमानं दंडाची पावती फाडली. बाबांनी खिशातून पैसे काढले, मोजून दिले, पावतीची नीट घडी घातली. बायको व्यासपीठावर आली, पेटी बंद केली, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात बाबांचा हात धरून पायऱ्या उतरली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

घरी आल्यावर मी तिच्यावरच चिडलो. "मला सांगायचं नाही का?"

"सांगत होते. तुम्ही चोराचा रुमाल म्हणालात." ती भांडी घासत होती. "कालव्यापलीकडे आपली हद्द नाही, तिकडे अजून कुंड्या आहेत. मी म्हटलं, मी टाकून येते. तर म्हणाले, सुनेनं का न्यावं? आणि त्याला सांगू नकोस, त्याच्या योजनेला लोक हसतील."

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा आला : 'कायद्यापुढे बापही समान!' शेजारच्या शहरांतून अधिकारी माझं मार्गदर्शन घ्यायला यायला लागले. योजना राज्यभर गेली. मला बढती मिळाली. कचेरीत पेढ्यांऐवजी पारदर्शक पिशव्या वाटल्या. माझीच कल्पना!

बाबा फिरायला जायचे बंद झाले. खोलीचं दार उघडं असायचं, पण मी आत गेलो की ते भिंतीकडे कूस वळवायचे. माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हते. बायको बोलायची, पण फक्त 'जेवण वाढलंय' इतकंच.

मग राजधानीतून पत्र आलं. अभ्यासदौऱ्यासाठी पुन्हा माझीच निवड, या वेळी दुसरा देश, आधीपेक्षाही स्वच्छ! मी पत्र घेऊन बाबांच्या दारात उभा राहिलो. नमस्कार करावा, निदान सांगावं तरी, म्हणून.

"बाबा, मला पुन्हा पाठवतायत. जाऊ ना?"

भिंतीकडे तोंड करूनच ते बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"जा," बाबा म्हणाले. "फक्त या खेपेला काही शिकून येऊ नकोस."

मी कपाटावरून बॅग काढली, आणि भरायला घेतली.